खड्ड्याचा तळ

कागदोपत्री तिचं नाव ‘हरित पर्जन्यजल व्यवस्थापन सुविधा’ असं होतं. गल्लीत तिला खड्डा म्हणत. गल्लीचं काही चुकत नव्हतं. सरकारी नावातून विशेषणं काढून घेतली की बहुतेक वेळा खड्डाच उरतो.

गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्याला लागून, एक बंद पडलेलं गोदाम होतं. ते पाडून तिथे परातीसारखा उथळ, पसरट खड्डा खणायचा, तळाशी वाळू आणि खतमाती मिसळून पसरायची, वर झुडपं लावायची. मोठ्या रस्त्यावरून वाहत येणारं पाणी गल्लीत शिरण्याआधी या परातीत उतरावं, जरा टेकावं आणि दिवसभरात जमिनीत मुरून जावं. कल्पना इतकी साधी होती की ती मंजूर व्हायला बरीच वर्षं लागली.

काम धाकट्याकडे होतं. धाकटा म्हणजे काही कोवळा पोर नव्हे. पन्नाशी उलटली होती, जिना चढताना गुडघे स्वतःहून बोलायला लागले होते, ऑफिसात त्याला चार माणसं साहेब म्हणत. पण डोक्यावर थोरला भाऊ असला की माणूस टक्कल पडेपर्यंत धाकटाच राहतो. त्याचा थोरला याच गल्लीत, खड्ड्याच्या अगदी समोरच्या घरात राहत होता आणि दिवसभर वरच्या गॅलरीत खुर्ची टाकून खड्डा बघत होता. दोघांमध्ये अंतर हाकेचं होतं. फक्त हाक बंद होती.

आता या खड्ड्याची एक गंमत. खणण्याच्या कामात सगळ्यात सोपं काय, तर खणणं. अवघड असतं ते खणलेल्याला हात न लावणं. खड्ड्याच्या तळाची माती मोकळी राहिली तरच पाणी मुरणार. ती दाबली गेली, तिच्यातली बारीक बारीक छिद्रं मिटली, की खड्डा राहत नाही, हौद होतो. म्हणून धाकट्याचा नियम होता, यंत्र खड्ड्यात उतरणार नाही. पोकलेन काठावर उभं राहील आणि लांब हात घालून माती उचलेल. शेवटचा थर अगदी शेवटपर्यंत ठेवायचा, म्हणजे कामाची धूळ, गाळ, सांडलेलं डिझेल, सगळं त्या थरावर बसेल आणि त्याच्याबरोबरच निघून जाईल. आणि तळ लागला की बकेटच्या दातांनी तो मुद्दाम ओरबाडून ठेवायचा.

पोकलेन चालवायला एक बाई होती. हात हलका आणि जीभ जड. धाकटा दिवसातून दहा वेळा ओरडायचा, “तळावर कोण उभं आहे? फोनवर बोलायचं तर काठावर या!” तेव्हा ती केबिनमधून म्हणायची, “साहेब, आयसीयूत पण एवढे नियम नसतात. तिथे निदान चप्पल काढून आत सोडतात.”

“जमीन म्हणजे स्पंज असतो, बाई. त्यावर बसलं की संपला.”

“आमच्याकडे सोफ्याचं तसंच झालंय,” ती म्हणायची आणि बकेट हळूच, अंड्यांची टोपली ठेवावी तशी, खाली टेकवायची.

थोरल्याचा धंदा याच्या बरोबर उलटा. त्यानं जन्मभर रोड रोलर चालवला. खडी, मुरूम, डांबर, समोर येईल ते दाबायचं आणि असं दाबायचं की पुन्हा डोकं वर काढता कामा नये. काम संपलं की तो खाली उतरून रस्त्यावर टाच आपटून बघायचा. टाचेला झिणझिण्या आल्या तर पास. त्याच्या रस्त्यावर पाण्याचा थेंब पडला तर बसायला जागा न मिळाल्यासारखा निघून जायचा. वहिनी म्हणायची, “या दोघा भावांनी जमिनीला भंडावून सोडलंय. एक म्हणतो दबून राहा, दुसरा म्हणतो मोकळी हो. बिचारीनं ऐकायचं तरी कुणाचं?”

वहिनी त्या घरात आली तेव्हा धाकटा शाळेत होता. त्याच्या शर्टाची बटणं तिनं लावली, गणितात नापास झाला तेव्हा दादाच्या रागाच्या आणि त्याच्या मध्ये तीच उभी राहिली. “गणित कच्चं आहे तर मोजमापाच्या धंद्यात घालू,” असं म्हणून सर्वेक्षणाच्या कोर्सला त्याचं नाव तिनंच घातलं. या तर्कशास्त्रातून पुढे एक बऱ्यापैकी अभियंता निघाला, हे त्या तर्कशास्त्राचं नव्हे, वहिनीचं यश.

ती गेली गल्लीत साचलेल्या पाण्यामुळे. म्हणजे गेली दम्यानं, पण पाणी मध्ये आलं. त्याआधीच्या वर्षी मोठा रस्ता नवा झाला होता, चांगला हातभर उंच. थोरल्याच्या नोकरीतलं ते शेवटचं काम. निरोपसमारंभात साहेबांनी त्या रस्त्याला आरसा म्हटलं होतं. पावसात त्या आरशावरून सगळं पाणी घरंगळत गल्लीत आलं. भर दुपारी वहिनीचा श्वास अडकला, ॲम्ब्युलन्स वेळेवर आली आणि गल्लीच्या तोंडाशी थांबली. ड्रायव्हर म्हणाला, इंजिनात पाणी जाईल. चौघांनी वहिनीला खुर्चीवर बसवलं आणि मांडीइतक्या पाण्यातून उचलून नेलं. एक पाय थोरल्याच्या हातात होता, खुर्चीचा. रस्त्याला लागेपर्यंत ती तिची तीच बसली होती, नंतर बसवावी लागली.

संध्याकाळी घर माणसांनी भरलं. कुणीतरी म्हणालं, “पण एवढं पाणी आलंच कसं हो?” हा प्रश्न नव्हता, सुस्कारा होता. पण शिकलेल्या माणसाची एक खोड असते. प्रसंग कुठलाही असो, कारण माहीत असलं की त्याला सांगितल्यावाचून राहवत नाही. धाकटा रडत होता आणि रडता रडता समजावून सांगत होता. रस्ता उंच झाला, उतार गल्लीकडे दिला गेला, पृष्ठभाग इतका घट्ट की थेंबभर मुरायला वाव नाही, मग पाणी इथे येणार नाही तर कुठे जाणार? सगळं अगदी बरोबर होतं. फक्त तो रस्ता कुणी दाबला होता, ते सांगणाऱ्याच्या ध्यानात राहिलं नाही. ऐकणाऱ्याच्या राहिलं.

त्या संध्याकाळपासून थोरला त्याच्याशी बोलला नाही. भांडण नाही, शिवी नाही. नुसतं बोलणं बंद. या गोष्टीला दोन वर्षं होत आली होती.

धाकट्यानं खड्ड्याचं काम मागून घेतलं ते या कारणासाठी. ऑफिसात कुणी काम मागून घेत नाही. त्यामुळे सगळ्यांना संशय आला, पण काम मिळालं.

पुतणीचा फोन यायचा. ती दुसऱ्या शहरात राहत होती. वडिलांना तिकडे नेण्यासाठी तिनं जंग जंग पछाडलं होतं. “काका, शेवटी ते एवढं कबूल झालेत. म्हणाले, यंदा गल्लीत पाणी शिरलं नाही तर मी तुझ्या आईच्या घरातच मरेन. शिरलं तर मात्र येऊन ने. तेव्हा आता सगळं तुमच्या खड्ड्यावर.”

“तुला काय हवंय गं?” धाकट्यानं विचारलं.

ती म्हणाली, “मला बाबा हवेत. पण त्यांना ते घर हवंय. आणि खरं सांगू? ते बोलत नाहीत तुमच्याशी, पण फोनवर माझ्याशी दुसरं काही बोलतच नाहीत. आज छोट्यानं इतकं खणलं, आज छोट्या ओरडला.”

गॅलरीतून निरोप मात्र यायचे. थोरला पोकलेनवालीला उद्देशून मोठ्यानं म्हणायचा, “बाई, सांगा त्याला, धूळ येतेय.”

ती वळून धाकट्याला म्हणायची, “साहेब, धूळ येतेय म्हणतायत.”

“त्यांना सांगा, पाणी मारतो.”

“पाणी मारतो म्हणतायत. आता मी एक बकेट मारू का मधे? माझं पण काम आहे.”

खड्ड्याला तळ लागला त्या शनिवारी पोकलेनवालीनं तो नीट ओरबाडून ठेवला. कंगवा फिरवलेल्या ओल्या केसांसारखा. रविवारी धाकटा रोपं बघायला रोपवाटिकेत गेला, पाण्यात पाय आणि उन्हात डोकं ठेवून जगतील अशी झुडपं निवडत दिवसभर हिंडला. साइटवर फक्त एक रोलर होता, काठाकाठानं पायवाट दाबण्यासाठी आणलेला. त्यावरचा ड्रायव्हर नावाला बारक्या, अंगानं दरवाजाएवढा. तो थोरल्याच्याच हाताखाली शिकलेला.

सोमवारी सकाळी धाकटा आला तर खड्ड्याच्या काठावर थोरला उभा होता. इस्त्रीचा शर्ट घालून. आणि खड्ड्याचा तळ लादीसारखा सपाट, चकचकीत, एकसंध दिसत होता.

“ये, ये,” थोरला म्हणाला. दोन वर्षांनी. “काय रे छोट्या, आयुष्य गेलं तुझं या धंद्यात आणि तळ असा टाकून जातोस? नांगरल्यासारखा? पाणी प्यायला वर वाळू येणारच आहे, पण खाली पाया पक्का नको? मी वरून बघतोय, म्हटलं आज नीट करेल, उद्या नीट करेल. तू कुणाला पाय ठेवू देत नव्हतास, तेव्हाच ओळखलं, कच्चा आहे म्हणून. पण मग पक्का करायचं राहूनच गेलं की! लोक काय म्हणतील, कुणाचा भाऊ आहे हा?”

“दादा, तू…”

“मीच. बारक्या नको म्हणत होता. त्याला म्हटलं, उतर खाली, तुला जमायचं नाही. या उतारावरून रोलर खाली न्यायचा म्हणजे पोरखेळ नाही.” थोरल्यानं हात लांब करून उतार दाखवला. “पाणी शिंपडलं, कंपन लावलं, आडवा फिरवला, उभा फिरवला. टाच मारून बघ.”

मागे बारक्या स्वतःच्या बुटांकडे बघत उभा होता. “उस्ताद बसले सीटवर,” तो पुटपुटला. “मी काय बोलणार, साहेब?”

धाकट्याच्या तोंडाशी सगळं आलं. माती, छिद्रं, स्पंज, मुरण्याचा वेग. ओली माती आणि वर कंपन, म्हणजे तर विचारायलाच नको. कारण त्याला तोंडपाठ होतं आणि ते अगदी बरोबर होतं. मागच्या वेळीसुद्धा अगदी बरोबरच होतं.

तो उतारावरून खाली उतरला, तळावर गेला आणि टाच मारली. टाचेला झिणझिण्या आल्या.

“छान झालंय, दादा,” तो म्हणाला.

पोकलेनवाली केबिनमध्ये चढता चढता थांबली. थोरला घरी चहा आणायला गेल्यावर ती जवळ आली. “साहेब, परत ओरबाडू ना?”

“आत्ता नको. ते नसताना.”

“ते कधी नसतात?”

हा मुद्दा होता. थोरला त्या दिवसापासून गॅलरीत बसेना, साइटवरच येऊन बसायला लागला. सकाळी थर्मास आणि दोन कप. दुपारी वहिनीच्या जुन्या डब्यात दोघांचं जेवण. मिठाचा अंदाज सगळ्या पदार्थांत एकसारखा चुकलेला, त्यामुळे निदान सातत्य होतं. धाकटा चाटूनपुसून खायचा. दोन वर्षं साठलेलं बोलणं थोरला हप्त्याहप्त्यानं काढत होता. शेजारी कुणाची काय भांडणं झाली, नळाला पाणी कधी येतं, पुतणीचा मुलगा फोनवर आजोबांना कसा दटावतो. धाकटा नुसता हूं हूं करायचा, आणि मध्येच त्याची नजर त्या सपाट तळाकडे गेली की पुढचं ऐकायचं राहून जायचं.

चौथ्या की पाचव्या दिवशी, डबा बंद करता करता, थोरला म्हणाला, “तू त्या दिवशी बोललास ते खरंच होतं.”

“दादा, जाऊ दे ते.”

“नाही, ऐक. मी रात्रंदिवस तेच घोकतोय. पाणी माझ्याच रस्त्यावरून आलं. मीच टाच मारून बघितलं होतं ना, थेंब मुरणार नाही म्हणून. साहेब आरसा म्हणाले तेव्हा घरी येऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, आरशात तोंड बघा आणि दाढी करा.” तो हसला आणि हसणं अर्ध्यावरच सोडून दिलं. “तुझा राग नव्हता रे. तुझ्याकडे बघितलं की तो रस्ता दिसायचा. पण आता जरा हलकं वाटतंय. जन्मभर लोकांचे रस्ते दाबले, एक तिच्या जिवावर उठला. हा तळ मात्र तिच्यासाठी दाबला. हे पाणी आता तिच्या दाराशी जायचं नाही. हो ना?”

“हो,” धाकटा म्हणाला.

बाजूला पोकलेनवाली यंत्राला ग्रीस देत होती. तिनं ग्रीसचा डबा खाली ठेवला आणि उगाचच यंत्राच्या पलीकडे गेली.

संध्याकाळी तिनंच तोड काढली. “परवा वाळूमातीच्या गाड्या येतायत. उस्तादांचे डोळे तपासायचेत म्हणत होते ना? तुम्ही त्यांना दवाखान्यात घेऊन जा. तेवढ्यात मी तळ ओरबाडते आणि वर माती टाकून मोकळी होते. परत येतील तेव्हा सगळं झाकलेलं. कुणाला कळतंय?”

धाकट्याला तिचे पाय धरावेसे वाटले. त्यानं दवाखान्यात फोन करून वेळ घेतली, रिक्षा सांगून ठेवली. परवा सकाळी रिक्षा येऊन उभी राहिली, गाड्या येऊन उभ्या राहिल्या आणि थोरला हातात दंताळं घेऊन आला.

“दादा, डोळे!”

“डोळे कुठे पळून जातायत? आज तळ झाकणार ना तुम्ही? मी असणार. आपलं काम माणसानं डोळ्यांसमोर झाकावं.”

“वेळ घेतली आहे, डॉक्टर थांबलेत.”

“डॉक्टरला काय, तो बसूनच असतो.”

पोकलेनवालीनं धाकट्याकडे बघितलं. एक शब्द पुरला असता. ती बकेट हवेत धरून त्या शब्दाची वाट बघत होती आणि मागे गाड्यांचे ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते. धाकट्यानं मनात हिशेब मांडला. चारच फेऱ्या तर असतील. माती इथली तशी वाळूकडे झुकणारी. थोडं हळू मुरेल, दिवसाऐवजी दीड दिवस. अभियंत्याला स्वतःला फसवायचं असेल तर त्याच्याकडे इतरांपेक्षा जास्त आकडे असतात.

“टाका,” तो म्हणाला.

माती पडली. थोरल्यानं दंताळ्यानं ती स्वतः पसरली, कोपरान् कोपरा. मग झुडपं लागली.

चाचणीच्या दिवशी मॅडम आल्या. मॅडम म्हणजे धाकट्याच्या वरिष्ठ, कमी बोलणाऱ्या आणि त्यामुळे हुशार समजल्या जाणाऱ्या. या बाबतीत समज बरोबर होता. टँकर लागले, पाणी सोडलं. सगळी गल्ली खुर्च्या घेऊन बाहेर आली होती. फुकटचं पाणी आणि सरकारचं काम एकत्र बघायला मिळणं दुर्मीळ. थोरला पहिल्या रांगेत. त्यानं पाण्याच्या रेघेवर एक काठी रोवली आणि शेजाऱ्यांना सांगितलं, “उद्या सकाळी या. काठी कोरडी असेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी काठी होती तिथे होती आणि पाणीही. झुडपांचे शेंडे तेवढे वर, बाकी खड्डाभर आभाळ. आरशासारखं. त्याच्याही दुसऱ्या दिवशी तेच. इस्त्रीवाला म्हणाला, “पोहायला कधीपासून सुरू?” कुणी हसलं नाही. सगळ्यांच्या भिंतींवर जुन्या पाण्याच्या रेघा होत्या.

मॅडम पुन्हा आल्या. काठावर उकिडव्या बसल्या, पाण्यात बोट बुडवलं, आणि वर न बघता विचारलं, “तळाचं काय केलं होतंत?”

“तळाचं मी सांगतो ना,” थोरला पुढे सरसावला. छाती काढून. “तळ म्हणाल तर…”

“मॅडम, चूक माझी आहे,” धाकटा एवढ्या मोठ्यानं बोलला की बारक्या दचकला. “रस्त्याकडचं पाण्याचं तोंड मी लवकर उघडलं. साइटवरचा गाळ आत वाहून आला, वाळूमातीत बसला. त्यानं बुजलं. माझ्याकडून दुर्लक्ष झालं.”

मॅडमनी त्याच्याकडे बघितलं, मग थोरल्याकडे, मग काठावर उभ्या असलेल्या रोलरकडे. त्यांना कळलं असावं. त्या उठल्या. “पाणी उपसा. सगळं काढून तळापासून परत करा. आणि तुम्हाला लेखी विचारणा होईल, ते गृहीत धरा,” म्हणाल्या आणि निघून गेल्या.

त्या गेल्यावर थोरल्यानं तोंड उघडलं. गल्लीदेखत. “गाळ आत सोडलास? इतक्या वर्षांचा तू अभियंता, साधं तोंड बंद ठेवता येत नाही तुला?”

“चुकलं, दादा.”

“मी एवढा तळ करून दिला! त्याच्यावर तू चिखल आणून ओतलास!” त्याचा आवाज फाटला. “एक काम, छोट्या. तिच्यासाठी एक काम होतं.”

“मी दुरुस्त करतो. पाऊस लागायच्या आत करतो. थोडा थांब.”

थोरला खाली काठीकडे बघत राहिला. राग जसा आला तसा ओसरला, आणि जे उरलं ते रागापेक्षा वाईट होतं. तो जवळ आला आणि त्यानं धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. गणितात नापास झाला तेव्हासुद्धा ठेवला नव्हता.

“राहू दे. जमत नाही एखाद्याला. तुझ्यावर राग नाही धरणार आता, त्यात दोन वर्षं घालवली. पण या पाण्याला आपल्या घराचा पत्ता पाठ झालाय. तळ एवढा पक्का असून जर हे असं, तर पुढे काय दुरुस्त करणार तू? पोरीला फोन करतो, येऊन ने म्हणून.”

इथे सांगता आलं असतं. तळ पक्का आहे म्हणूनच, दादा. उद्या दात घालून तो फोडतो आणि परवा इथे पाणी राहणार नाही, तू खुशाल वहिनीच्या घरात राहा. एवढंच सांगायचं होतं. ते ऐकून थोरला राहिलाही असता त्या घरात, दोन रस्ते छातीवर घेऊन. आधी एकच होता.

धाकट्याला कारण माहीत असून त्यानं याही वेळी ते सांगितलं नाही, आणि वहिनी असती तर म्हणाली असती, अक्कल आली, पण केवढ्याला पडली.

पुतणी चार दिवसांत आली. थोरल्यानं सामान फार घेतलं नाही. वहिनीचा डबा घेतला. निघताना तो गल्लीच्या तोंडाशी थांबला, रस्त्याकडे न बघता गाडीत बसला, आणि काच खाली करून म्हणाला, “गाळ नीट काढ. तळाला धक्का लावू नकोस.”

“नाही लावत,” धाकटा म्हणाला.

पुतणीनं पुढच्या सीटवरून मागे वळून काकाकडे बघितलं. तिला बाबा हवे होते, ते मिळाले होते. तरी ती रडत होती.

वाळूमाती काढून काठावर रचली. खाली तळ जसाच्या तसा होता. पोकलेनवालीनं बकेटचे दात टेकवले तर ते घसरले. दुसऱ्यांदाही घसरले. तिसऱ्यांदा तिनं सगळा जोर लावला तेव्हा तळाचा एक मोठा तुकडा फरशीसारखा निघून वर आला, एका बाजूनं गुळगुळीत. तिनं तो हळूच काठावर ठेवला आणि इंजिन बंद केलं.

“हात होता हो माणसाचा,” ती म्हणाली. या खेपेला जीभ हलकी होती.

बारक्या पाठ फिरवून उभा होता. दरवाजाएवढी पाठ, आणि ती हलत होती.

“चालू करा, बाई,” धाकटा म्हणाला. “पूर्ण ओरबाडा. एक वीतसुद्धा सोडू नका.”

वाळूमाती परत पसरली, झुडपं परत लागली, मग पाऊस आला. सकाळी धो धो लागला, आरशावरून घरंगळत पाणी खाली आलं, गल्लीकडे वळणार एवढ्यात परातीत उतरलं. परात भरली. झुडपं मानेपर्यंत बुडाली. दुपारी पाऊस उघडला आणि धाकटा काठावर उभा राहून बघत राहिला. पाणी हलत नव्हतं, वाहत नव्हतं, फक्त कमी होत होतं. संध्याकाळी झुडपांच्या बुंध्यांशी ओली माती दिसायला लागली. खुर्च्या घेऊन कुणी आलं नव्हतं. पाणी येतं तेव्हा लोक जमतात. ते येत नाही, हे बघायला कोण थांबणार?

तो गल्लीत शिरला. कोरड्या बुटांनी थोरल्याच्या दारापर्यंत गेला. कुलूप होतं. तिथेच पायरीवर बसून त्यानं फोन लावला.

“दादा, पाणी मुरलं. सगळं. गल्लीत एक थेंब नाही.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“दारात बघितलंस? उंबऱ्याशी?”

“तिथेच बसलोय. कोरडं आहे. परत ये ना आता.”

“आता कुठे.” थोरला थांबत थांबत बोलत होता. “इथे तिसऱ्या मजल्यावर राहतात हे. पाणी चढत नाही इतकं. आणि खिडकीतून तो रस्ता दिसत नाही, छोट्या. झोप लागते मला इथे. दोन वर्षांनी लागते.”

“बरं.”

“घर बघत जा अधूनमधून. खिडकी उघडून ठेवत जा, तिला कोंदट आवडत नाही.”

“बरं, दादा.”

“आणि गाळ काढल्यावर मुरलं ना लगेच? मी म्हणालो नव्हतो? मुरणारच. तळ कुणी दाबलाय?”

धाकट्यानं पायरीवर टाच टेकवली. समोर खड्ड्यात ओरबाडलेली माती खालून पाणी पीत होती.

“तू, दादा,” तो म्हणाला.